मधली बोळकंडी

"काय म्हणतायत धाकटे साहेब?" थोरल्याने स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून विचारले.

"दुकान त्याला हवंय, घर तू ठेव म्हणतो," बहीण म्हणाली. "आई तुझ्याकडेच राहील. फक्त त्याला वाटेल तेव्हा येऊन भेटता आलं पाहिजे."

खरे तर धाकटा म्हणाला होता, आई काय कडीकुलपात ठेवायची वस्तू आहे का, विचार त्याला. पण पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळकंडीत तिने त्या वाक्याची टोके घासून टाकली होती.

ही तिची विद्याच. अर्धे आयुष्य ती देशोदेशींच्या कंपन्यांची वकील होती. एक कंपनी दुसरीला गिळायला निघाली, बोलणी फिसकटायला आली, की हिला विमानात बसवत. दोन बाजू दोन खोल्यांत, आणि ही मधून येरझाऱ्या घालणारी. राग तिकडेच ठेवायचा, रडगाणे तिकडेच ठेवायचे, करारात बसेल तेवढेच उचलून आणायचे. हाताखालची मुले तिला मागून 'चाळण' म्हणत. तिला ते कळले होते, आणि मनातून आवडलेही होते.

वडिलांच्या आजारपणात कोण किती धावले, यावरून दोघा भावांचे बोलणे तुटले होते. वडील गेले, अबोला राहिला. आईने फोन केला, "जगाची भांडणं मिटवतेस, तर माझ्या दोघांना एकदा समोरासमोर बसव." ही आली, पण म्हणाली, समोरासमोर बसवले की बिघडते, माझ्यावर सोड. आईने एका ट्रेमध्ये मांडलेले चहाचे कप मुकाट्याने दोन ट्रेंमध्ये वेगळे केले.

सकाळ अशी सरली. जेवणाच्या सुमारास थोरला कागदातून मान वर न करता म्हणाला, "त्याचा गुडघा कसा आहे गं? जिना थांबून थांबून चढला. आवाजावरून कळलं मला."

"ते नंतर रे दादा. दुकानाचं सांग. मान्य?"

त्याने कागद उलटला. "मान्य."

ती 'मान्य' घेऊन निघाली. गुडघा स्वयंपाकघरातच राहिला.

सह्या झाल्या, एकाची पुढच्या खोलीत, एकाची स्वयंपाकाच्या ओट्यावर. आधी धाकट्याला तिने निरोप दिला, त्याची गाडी वळेपर्यंत थोरल्याला बोलण्यात गुंतवले, मग तोही मागच्या दाराने कामाला गेला. सगळे कसे शिस्तीत.

"झालं बघ आई," ती हातपाय सैल सोडत म्हणाली. "एक शब्द वर-खाली झाला नाही."

"हो ना," आई म्हणाली. "एकही शब्द झाला नाही. आता भेटतील कधी गं ते?"

"आता भेटायची गरजच कुठे…"

वाक्य तिच्या ओठांवरच थिजले. किती खोल्यांमधून ती हेच सांगत बाहेर पडली होती, आणि किती हलक्या पावलांनी.

तिने धाकट्याला फोन लावला.

"काय गं ताई, सही राहिली का कुठे?"

"नाही रे. दादाने विचारलं होतं, तुझा गुडघा कसा आहे."

पलीकडे गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला.

"कधी विचारलं?"

"दुपारी. सह्यांच्या आधी."

मग इंजिन बंद झाले.

"मी भिंतीपलीकडे होतो गं तेव्हा," तो म्हणाला. "उठून गेलो असतो." मग लगेच, "जाऊ दे. आता तूच सांग त्याला काहीतरी, नीट करून. तुला जमतं ते."

फोन बंद झाला. आईने भांडी घासता घासता आतून विचारले, काय म्हणाला गं?

तिने सांगितले. या खेपेला शब्दन्शब्द, काही न गाळता. आतला नळ बंद झाला, आणि आई ओले हात तसेच धरून दारात येऊन उभी राहिली, जणू लेकीकडून अजून काही ऐकायचे राहिले असेल.