गंगाधरपंतांनी विंडोज हलवलं

साताऱ्यात चारुशीलाबाई वधूवर सूचक केंद्र चालवतात आणि त्याचा सगळा कारभार घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर असतो. त्या कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टिम नांदतात. बाईंचं विंडोज, त्यात सातशे मुलामुलींची स्थळं. यजमान गंगाधरपंत पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांचं लिनक्स, त्यात बुद्धिबळ. बटण दाबलं की पडद्यावर दोन नावं येतात, ज्याला जे हवं ते त्यानं निवडायचं. संसारात इतकी सोय दुसरीकडे कुठेच नाही, असं पंत म्हणायचे.

पण डिस्क जुनी झाली होती. स्थळं बघायला आलेल्या मंडळींचे पोहे संपायचे, चहा व्हायचा, तरी विंडोज आपलं गोल गोल फिरतच असायचं. शेवटी पुण्याच्या मुलानं आईसाठी नवी, वेगवान डिस्क पाठवली. लहानशीच होती, तिच्यावर एकच सिस्टिम मावणार होती.

"तुझं विंडोज मी हलवतो," पंत म्हणाले. "त्यात काय एवढं."

आणि दुपारी बाई जरा आडव्या झाल्यावर पंतांनी नव्या डिस्कवर हलवलं ते स्वतःचं लिनक्स. त्यांना तिळमात्र लाज वाटली नाही. प्रश्न हंबीररावांचा होता. सांगलीचे हंबीरराव म्हणजे खात्यातले जुने सहकारी. रोज सकाळी दहाला दोघांचा ऑनलाइन डाव. पाच मिनिटांत पटावर न येणारा हरला, असा नियम. त्या रडक्या डिस्कपायी पंत महिन्याभरात अकरा डाव न खेळताच हरले होते. येत्या रविवारी तर पेन्शनर मंडळाच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, तोही हंबीररावांशीच.

"हलवलं का हो?" बाईंनी संध्याकाळी विचारलं.

"हलवलं की. पण तुझी स्थळंच एवढी भरलीत, थोडा वेळ लागणारच."

"बरं," बाई म्हणाल्या. हे 'बरं' पंत चाळीस वर्षं ऐकत आले होते, तरी त्या दिवशी गाफील राहिले.

शनिवारी हंबीररावांच्या नातवाचं बारसं होतं. पंत सांगलीला गेले, दोन वाट्या बासुंदी ओरपली आणि निघताना म्हणाले, "हंबीरराव, उद्या तुमची खैर नाही."

"या की," हंबीरराव म्हणाले. "येळंत आलासा तरी लय झालं."

रविवारी दहाला पाच कमी असताना पंतांनी बटण दाबलं, लिनक्स निवडलं आणि हात चोळत बसले. पडदा काळा. दहा वाजले, तरी काळाच. पट उघडला तेव्हा दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती आणि फोन वाजत होता.

"आवं गंगाधरपंत, कुठं हाय तुमी? हितं मलाच जिंकला म्हणून दाखवाय लागलंय."

पंत तरातरा स्वयंपाकघरात गेले. "माझं लिनक्स एवढं मंद कसं झालं?"

"मंद असणारच," बाई भाजी निवडत म्हणाल्या. "जुन्या डिस्कवर आहे ना ते?"

पंत अडकले. नाही म्हणावं, तर आपली चोरी आपणच सांगायची.

"काल तुम्ही सांगलीला होतात, तेव्हा माधवनगरच्या आपल्या भाचीला, अबोलीला फोन लावला. कॉलेजात कॉम्प्युटरच शिकवते ती. ती सांगत गेली, मी करत गेले. तुम्ही मला सांगितलं होतंत ना, अगदी तसंच करून ठेवलंय सगळं."

हरल्याचं दुःख होतंच. पण पंतांना खरा राग याचा आला, की रागवायला कुठे जागाच उरली नव्हती.

अकराला कराडहून एक कुटुंब आलं. मंडळी खुर्च्यांवर टेकतात न टेकतात तोवर विंडोज उघडून मुलांचे फोटो समोर हजर.

"फारच वेगवान आहे हो तुमचा कॉम्प्युटर," मुलीचे वडील म्हणाले.

"यांचंच काम," बाई कौतुकानं म्हणाल्या. "माझं विंडोज नव्या डिस्कवर यांनीच हलवून दिलं."

सगळे पंतांकडे बघायला लागले.

"हो," पंत म्हणाले. "मीच."