करकरणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मोडीत निघालेल्या एका दाराच्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. "हिच्यावर हत्ती बसला तरी मोडायची नाही," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. हत्ती काही आला नाही, एक वायरमन आला आणि मला घरी घेऊन गेला.

तिथे माझा मान मोठा होता. पाहुणे आले की आधी मीच पुढे व्हायची. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत झाली. ऊन-पाण्याने खिळे गंजले, मागचा एक पाय ढिला पडला. कुणी बसलं की मी करकरायची. "उद्या ठोकतो," वायरमन म्हणायचा. लोकांच्या घरची कामं करणाऱ्याला स्वतःच्या घरचा उद्या कधी सापडतो?

पुढे घरात फोन आले. नेट चालायचं ते फक्त गॅलरीत. माझे दिवस पुन्हा पालटले!

वायरमनची बायको माझ्यावर बसून दूरदेशी गेलेल्या बहिणीचं बाळ बघायची. तिची नणंद, म्हणजे घरातली आत्या, गुडघे चोळत ओळखीच्यांचे फोटो बघायची आणि म्हणायची, "कोण जाड झालं ते बघते गं. आपलं तेवढंच समाधान!" वायरमन स्वतः केलेल्या कामाचे फोटो टाकायचा. बायको हसली की म्हणायचा, "झाकण लावल्यावर आतली वायरिंग कुणाला दिसते? इथे चारजण तरी बघतात."

सगळ्यात जास्त बसायची ती त्यांची मुलगी, चिमणी. तिची शाळा नवी होती. "मला नाही जायचं शाळेत," असं ती रोज म्हणायची. "नाटकं पुरे," असं उत्तर मिळायचं. वर्गातल्या मुलींचा फोनवर एक ग्रुप होता. सगळ्या त्यात होत्या, चिमणी सोडून.

एके दिवशी तिने कुंडीला टेकवून फोन उभा केला आणि व्हिडिओ सुरू केला. मला ओढत, एक बाजू कठड्याला टेकवून लावलं आणि ती माझ्यावर चढली. कठडा तिच्या गुडघ्याखाली गेला. फोनकडे बघत ती पुटपुटली, "आता घ्याल ना मला ग्रुपमध्ये?" आणि रस्त्याकडे पाठ करून तिने दोन्ही हात पसरले.

माझा ढिला पाय नेमका कठड्याच्या बाजूला होता. तिने टाचा उचलल्या तसा तो सरकू लागला. मित्रांनो, खुर्चीला हात नसतात. मला एवढंच येत होतं, मी जीव खाऊन करकरले.

"कोण बसलंय गं त्या रडूबाईवर?" म्हणत आत्या दारात आली आणि जागीच थिजली. एक किंकाळी, आणि पोर दचकून मागे गेली असती. आत्याने दाराची चौकट घट्ट धरली.

"चिमणे," ती अगदी सहज म्हणाली, "माझा मेला गुडघा अडकलाय बघ. हात दे गं जरा."

"थांब ना आत्या, चालू आहे माझं."

"पडले तर तुलाच उचलावं लागेल. पोत्याचं वजन आहे माझं!"

चिमणीला हसू आलं. ती पुढे वाकली, आत्याने पुढे केलेला हात धरला आणि खाली उतरली. त्याच क्षणी माझा पाय निखळला आणि मी कठड्यावर आदळले.

आत्या तिला घेऊन दाराशी बसली. हात तिने सोडला नाही. तिने विचारलं, "कुणासाठी गं हे?"

"कुणीच बोलत नाही माझ्याशी," चिमणी म्हणाली. "मला वाटलं, हे बघून तरी बोलतील."

वायरमन कामावरून आला, त्याने सगळं ऐकलं. हातोडी आणून माझा पाय ठोकला. मग त्याने मला भिंतीशी लावून चिमणीला बसवलं, स्वतः खाली फरशीवर बसला आणि म्हणाला, "शाळेत काय होतं ते सांग. पहिल्यापासून सांग."

मित्रांनो, आता मी करकरत नाही. तुमच्या घरात एखादी खुर्ची करकरत असेल, तर तिला उद्यावर टाकू नका. आणि एखादं माणूस तेच ते सांगत असेल, तर त्याच्याजवळ आजच बसा.