फ्रीजवरची यादी

मुलाने, ललितने, फ्रीजवर वर्ज्य पदार्थांची यादी चिकटवली तेव्हाच तानुबाईचं डोकं फिरलं. तिच्या रक्ततपासणीच्या अहवालात एकतीस पदार्थांपुढे लाल खुणा होत्या. वांगं, शेंगदाणा, तीळ, दूध, केळी, अन् पुढे कितीतरी. एवढं सगळं सोडून माणसाने काय वारा खाऊन जगायचं?

पण तिला खरा राग होता वांग्यावरच्या खुणेचा. हिवाळ्यात पिंप्राळ्यातल्या निम्म्या कॉलनीला भरीत लागायचं ते तानुबाईच्याच हातचं. यंदा मात्र भरीत-भाकरी खाल्ली की तिच्या अंगावर गांधी उठायच्या. तिसऱ्या वेळी ओठच सुजले. झालं, घरात वांगं बंद, वांगी भाजायची शेगडी माळ्यावर आणि तानुबाईच्या ताटात तांदळाची पेज!

"साठ वरीस वांगं खाई ऱ्हायनी मी. त्या मशीनले काय कयस?" ती कडाडली.

"आई, रक्त खोटं बोलत नाही," ललित म्हणाला.

दोन दिवसांनी तानुबाईच्या सुनेने, पुनमने, तिला पेपरातली बातमी वाचून दाखवली. धुळ्याच्या एका दवाखान्यात अन्नाच्या ॲलर्जीवर संशोधन चालू होतं. तानुबाईने पिशवी भरली, ललितला तोंडावर सांगितलं, "मी चालनी," आणि सुनेला घेऊन एसटीत बसली.

डॉक्टर नाजमीन अमळनेरच्या. त्यांनी अहवाल चाळून बाजूला ठेवला. "आजी, रक्तात खूण दिसली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. खाऊन पाहायचं, पण इथं, आमच्या डोळ्यांसमोर."

ही पोरगी तानुबाईला एकदम आवडली. इंजेक्शन तयार ठेवून नाजमीननी तिला भाजलेलं वांगं आधी बोटाच्या टोकाएवढं दिलं, मग चमचाभर, मग वाटीभर. दुपारपर्यंत काहीही झालं नाही. पुढच्या खेपेला शेंगदाणा आणि तीळही तसेच पचले.

"मग ओठ कशाने सुजले?" पुनमने विचारलं.

"भरितासोबत काय खाल्लं होतं?"

"भाकर. ज्वारीनी," तानुबाई म्हणाली. रक्त घेणाऱ्यालाही तिने तेच सांगितलं होतं.

नाजमीन हसल्या. "नुसती ज्वारी, की कळण्याची?"

एरवी घरी पोळ्या; भरितासाठी मात्र ज्वारीत उडीद घालून कळण्याचंच दळण व्हायचं. भरितासोबत दुसरी भाकरी घरात कधी झालीच नाही, मग उडीद वेगळा कोण सांगतंय? म्हणून तो तपासलाच गेला नव्हता; एकतीस पदार्थांच्या यादीत तो नव्हताच.

नाजमीननी हातावर उडदाचा थेंब ठेवून सुई टोचली. पंधरा मिनिटांत चिंचोक्याएवढी गांधी उठली. ज्वारीच्या थेंबाला काही नाही.

"आता उडीद बंद, आजी."

"कागदनं सांगं म्हनीन वांगं नही सोडं. मंग कातडीनं सांगं म्हनीन उडीद का बरं सोडू? खाईसन दखसू."

डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला. बाई ऐकेना. संशोधनात ती चाचणी होतीच. सही झाली. पहिला कण गेला. दुसऱ्याला ओठ सुजले, घसा आवळला आणि ताबडतोब मांडीत इंजेक्शन बसलं. पुनम रडायला लागली. श्वास मोकळा झाल्यावर तानुबाई म्हणाली, "हां. आते पटनं."

आणि मग तिचेही डोळे भरले. लहानपणापासून खाल्लेली कळण्याची भाकरी या जन्मापुरती संपली होती. वांग्यासाठी भांडताना असं काही हातचं जाईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. फार वाईट वाटलं तिला.

घरी पाऊल टाकताच ललित म्हणाला, "मी सांगत नव्हतो, काहीतरी आहेच म्हणून?"

तानुबाईने फ्रीजवरची यादी ओढून काढली, उलटी केली आणि कोळशाने मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: उडीद. तो कागद तिने कळण्याच्या डब्यावर चिकटवला आणि डबा पुनमच्या हातात दिला.

"हाई तुमनं. मना डबा येगळा, नुसता ज्वारीना." मग ती ललितकडे वळली. "शेगडी खाले काढ. आन सकाये पाच किलो वांगा आनजो."