काचेलगतची दोन भोकं

"इथे?" कादंबरीने विचारलं.

बॉनेटच्या मागच्या कडेला, पुढच्या काचेपासून जेमतेम वीतभर अंतरावर, तिने निळ्या टेपचे दोन आयत चिकटवले होते. विश्वजित शेडच्या दारात स्टुलावर बसून तिच्याकडे पाहत होता. बाहेर शेजारच्या म्हाताऱ्याचं कांद्याचं शेत होतं आणि त्यापलीकडे, खाली, कोबेच्या इमारती उन्हात धूसर झाल्या होत्या.

"गाडी तापून उभी राहते ना, तेव्हा वाफ इथूनच वर येते," ती म्हणाली. "म्हणजे गरम हवा इथेच साठत असणार. आणि सर्किटवरच्या त्या पिवळ्या गाडीलाही इथेच होती बघ भोकं. बरोबर आहे ना?"

विश्वजितचं पोट याच ज्ञानावर चाललं होतं. विद्यापीठाच्या विंड टनेलमध्ये तो रेल्वेच्या डब्यांच्या, पुलांच्या, कधी गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती ठेवायचा, त्यांच्यावर वारा सोडायचा आणि हवा कुठे दाबते, कुठे खेचते ते मोजायचा. गाडी पळायला लागली की काचेच्या पायथ्याशी हवा येऊन थडकते. तिथे भोक पाडलं तर आतली गरम हवा बाहेर पडत नाही. उलट बाहेरची हवा आत घुसते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेचीच वाट अडते. भोकं पुढे हवीत, रेडिएटरच्या मागे, बॉनेटचा चढ जिथे संपतो तिथे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने हे सांगितलं असतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

कादंबरीने गॉगल लावला आणि कटर सुरू केला.

ही गाडी त्याची होती. दोन सीटची, जुनी, तोंडापासून शेपटीपर्यंत त्याने स्वतः उघडून परत जोडलेली. कायमची नोकरी लागल्यावर त्याने स्वतःसाठी केलेली ती एकमेव चैन. सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये कामाला लागायचं, आणि मधूनमधून डोंगरातल्या छोट्या सर्किटवर जाऊन क्लबच्या लोकांबरोबर ती पळवायची. तो काही फार वेगवान नव्हता. पण हेल्मेट काढून, घामाने ओलं झालेलं डोकं पुसत त्या माणसांमध्ये उभं राहिलं की आपण या देशात पाहुणे नाही असं त्याला वाटायचं. असं वाटण्याच्या जागा त्याच्याकडे फार नव्हत्या.

मग मागच्या वर्षी, पावसाळ्याच्या आधी, लॅबमध्ये सगळ्यांदेखत त्याला फीट आली. जाग आली तेव्हा तो जमिनीवर होता आणि कुणीतरी त्याच्या डोक्याखाली जाकीट घडी करून ठेवलं होतं. महिन्याभरात दुसरी आली. औषधं सुरू झाली, लायसन्स गेलं. दोन वर्षं काही झालं नाही तर बघू, असं डॉक्टर म्हणाले. लॅबमधली मंडळी त्याच्याशी इतकं जपून वागायला लागली की त्याला त्यांचा तिटकारा आला. घरी त्याने गाडी विकायची ठरवली.

"विकू नकोस," कादंबरी म्हणाली होती. "मी चालवते."

तो हसला होता. कादंबरी त्याच्यामागून इथे आली, तेव्हा तिला स्टेशनवरच्या पाट्याही वाचता येत नव्हत्या. नंतर ती भाषा शिकली, बंदरावरच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत लागली आणि हळूहळू तिथली सगळी फोनाफोनी तिच्याकडे आली. ती जिद्दीची होती हे त्याला माहीत होतं. पण गाडी?

पहिल्याच दिवशी ती त्याच्यापेक्षा वेगात गेली. नवशिक्या बाईला नशिबाने साधलं असं म्हणावं, तर दुसऱ्या वेळी आणखी वेगात गेली. क्लब चालवणारे ओकुदा-सान, निवृत्त बसचालक, घड्याळ हातात घेऊन विश्वजितकडे आले आणि कौतुकाने म्हणाले, "तुमच्या मिसेस वळणावर गाडी फार सुंदर घेतात. कुठे शिकल्या?" विश्वजितने मान लववून आभार मानले. त्या दिवसापासून घरात एक शब्द सरळ बोलला गेला नाही.

"क्लच जाळतेस," तो म्हणायचा. "गिअरबॉक्सचं मातेरं करणार आहेस." आणि उन्हाळ्यात गाडी तापायला लागली, काही फेऱ्यांतच तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकायला लागला, तेव्हा त्याला हातात काहीतरी मिळाल्यासारखं झालं. "बारा वर्षं चालवली मी. कधी तापली नाही."

कादंबरी ताटं उचलत होती. तिने ती परत टेबलावर ठेवली.

"तू एवढ्या वेगाने कधी चालवलीच नाहीस, विश्वजित. म्हणून तापली नाही."

त्यानंतर बॉनेट कापायचं निघालं. तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, तुझी तू काय ते कर. आणि आता तो उठून, पत्रा थरथरू नये म्हणून दोन्ही हातांनी बॉनेट दाबून धरत होता. कटरखाली लाल पत्रा उलत होता, रंगाचा जळका वास येत होता. तिने कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, जाळी बसवली आणि त्याच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर पत्र्याचा चुरा चिकटला होता.

"थँक्यू," ती म्हणाली. "मला माहितीये, तुला हे जड गेलं असेल."

तो जमिनीवरचा चुरा झाडायला लागला.

सप्टेंबर निम्मा सरला तरी उकाडा हटला नव्हता. सर्किटच्या डांबरावरून उन्हाच्या झळा दिसत होत्या. क्लबची माणसं गळ्याभोवती ओले टॉवेल गुंडाळून बसली होती. कादंबरीने हेल्मेटचा पट्टा ओढला आणि गाडी बाहेर काढली.

विश्वजित भिंतीला टेकून उभा राहिला. काय होणार ते त्याच्या डोळ्यांसमोर स्पष्ट होतं. दोन-तीन फेऱ्या. काटा चढेल, आधीपेक्षाही लवकर. ती तोंड पाडून आत येईल, सगळे गोळा होतील आणि तो फक्त एवढंच विचारेल, झाली का थंड? वाक्य त्याने तयार ठेवलं होतं. आवाजही ठरवला होता. शांत.

गाडी समोरून गेली. परत गेली. ती आत येईना. पुढच्या फेरीला इंजिनाचा आवाज त्याला जाड वाटला. आता येईल, तो मनाशी म्हणाला. सरळ रस्त्याच्या टोकाला गाडी वळणाआड गेली, आणि मग वळणामागून पांढरा लोट वर आला.

लाल झेंडे हलले. तो धावला. धावताना त्याच्या लक्षात आलं की रेडिएटरचा वरचा रबरी पाइप त्यानेच कधीतरी बसवला होता आणि गेल्या हिवाळ्यात बदलायचा ठरवून बदलला नव्हता. आजारपणात राहून गेलं होतं. तोच फुटला असणार. याचा हिशोब त्याने धरलाच नव्हता.

गाडी गवत पार करून टायरच्या भिंतीत नाक खुपसून उभी होती. काचेलगतच्या दोन्ही भोकांतून अजून वाफ निघत होती. कादंबरी बाहेर आली होती, एकटीच, डावं मनगट उजव्या हाताने धरून. हवेत कूलंटचा गोडसर वास पसरला होता.

"काच एकदम पांढरी झाली," ती म्हणाली. "काही दिसेचना. मी नुसता ब्रेक दाबून धरला."

"काट्याकडे बघायचंस ना," तो ओरडला. "काटा चढला असेल. आत का नाही आलीस?"

"पाहिलं नाही मी." तिने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "भोकं पाडली होती ना आपण."

ओकुदा-सान धापा टाकत पोचले. त्यांनी तिचं मनगट पाहिलं, कुणालातरी बर्फ आणायला पाठवलं. मग ते बॉनेटपाशी वाकले. काचेच्या पायथ्याशी आडवा हात धरून, वारा कसा येतो ते तिला दाखवत, अगदी सौम्य जपानीत म्हणाले, "मॅडम, काचेच्या एवढ्या जवळ हवा आत शिरते. बाहेर येत नाही." आणि सरळ होताना, खरोखरच कोडं पडल्यासारखे ते विश्वजितकडे वळले. "पण तुम्ही तर वाऱ्याचाच अभ्यास करता ना?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विश्वजितने नेहमीसारखी मान लववली. ती वर केली तेव्हा कादंबरी त्याच्याकडे पाहत होती.

गाडी ओकुदा-सानांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने ट्रकवर चढवून नेली. दवाखान्यात मनगट मुरगळलंय एवढंच निघालं, पट्टी बांधून दिली. घरी जायला लोकल ट्रेन होती. डब्यात शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली झोपल्या होत्या. कादंबरी खिडकीशी बसली. बोगदे येत-जात राहिले.

"तुला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"केव्हापासून?"

"तू टेप लावलीस तेव्हापासून."

"मी तुला विचारलं होतं, बरोबर आहे का म्हणून."

"हो. विचारलं होतंस."

तिने मांडीवरचा पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात घेतला. "तुला काय वाटलं होतं, काय होईल?"

"तू दोन फेऱ्यांत परत येशील."

"सगळ्यांसमोर. तोंड पाडून."

त्याने होकारार्थी मान हलवली. काहीतरी बोलायला हवं होतं, पाइपचं सांगायला हवं होतं, इतकं होईल असं वाटलं नव्हतं असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या तोंडून निघालं, "तू ती गाडी माझ्याकडून काढून घेतलीस."

"मी विकण्यापासून वाचवली ती," कादंबरी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. मुली झोपलेल्या होत्या. "आणि बॉनेट कापताना तू गप्प होतास ना, तेव्हा मला वाटलं, ह्याला वाईट वाटतंय. आपल्या हाताने जोडलेली गाडी कापली जातेय म्हणून. मला तुझी दया आली होती, विश्वजित."

पुढचं स्टेशन आलं. दारं उघडली, बंद झाली.

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण घरात सगळं चालू राहिलं. त्याच्या गोळ्यांच्या वेळेची आठवण ती पूर्वीसारखीच द्यायची. कचरा कोणत्या दिवशी कोणता, याचा तक्ता फ्रिजवर लावायची. मनगट बरं झालं तशी ती सुट्टीला शेडमध्ये जायला लागली. गाडी परत आली होती. कुठूनतरी तिने जुनं बॉनेट मिळवलं होतं, पांढऱ्या रंगाचं, आणि लाल गाडीवर ते तसंच चढवलं होतं.

एका दुपारी तो बसने शेडवर गेला. पांढऱ्या बॉनेटवर तिने लोकरीचे बारीक तुकडे टेपने चिकटवले होते, ओळीने, समोरपासून काचेपर्यंत. शूटिंग करायला मोबाइल काचेच्या आत बांधला होता. गाडी सर्किटवर पळवून, कुठली लोकर पत्र्याला चिकटून राहते आणि कुठली उठते, ते ती बघून आली होती. कंटाळवाणी, जुनी पद्धत. विद्यार्थ्यांना तो पहिल्या वर्षी हीच शिकवायचा.

"लोकरीने दिशा कळते," तो म्हणाला. "दाब कळत नाही. मी लॅबमध्ये मोजून देऊ शकतो. एका दिवसाचं काम आहे."

"नको."

"कादंबरी, जागा मला माहीत आहे. मी आत्ता बोटाने दाखवतो."

तिने एक लोकर उपटली आणि थोडी पुढे लावली. "तू दाखवशील. मग तू दाखवलेलं खरं आहे का, हे मला परत तपासावं लागेल. त्यापेक्षा मीच बघते."

तो स्टुलावर बसला. तिने त्याला जायला सांगितलं नाही आणि थांबायलाही सांगितलं नाही. तिने आखायला घेतलं तेव्हा त्याने पाहिलं, ती जागा अगदी हवी तिथे नव्हती. पण फार चुकलीही नव्हती. आणखी चार बोटं पुढे असती तर उत्तम. हे तो या वेळी मोठ्याने म्हणाला. कादंबरीने ऐकलं. टेप काढून ती पुढे सरकवली नाही, तशीच ठेवली. या खेपेला पत्रा धरायला तिने लाकडी पट्ट्या आणि शिकंजे आणले होते.

नोव्हेंबरात, मेपलची पानं तांबडी झाली असताना, ती परत सर्किटवर उतरली. तोही गेला, ती नको म्हणाली नाही. सकाळ थंड होती, म्हणून क्लबची माणसं म्हणाली की खरी परीक्षा उन्हाळ्यातच. पण दुपारी ऊन चांगलं तापल्यावर ती पूर्ण वेळ पळाली. एकदाही आत आली नाही. लाल गाडीचं पांढरं नाक समोरून जायचं आणि तो ते वळणाआड होईपर्यंत बघायचा, आणि मग वळणाच्या वर, आकाशाकडे बघायचा. तिथे काही दिसलं नाही.

गाडी थांबली. माणसं भोवती जमली. कादंबरीने हेल्मेट काढलं, केस घामाने कपाळाला चिकटले होते. ओकुदा-सानांनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, कुणीतरी हसलं. काटा कुठे होता ते ती त्यांना बोटाने दाखवत होती. आपल्यालाही सांगेल म्हणून विश्वजित थोडा थांबला.

मग तो गाडीच्या पुढे गेला. पांढऱ्या पत्र्यातल्या भोकांमधून गरम हवा सरळ वर येत होती; त्या झळांच्या पलीकडची माणसं हलताना दिसत होती. त्याने हात पुढे केला आणि तळवा त्या हवेवर धरला. ऊब होती, चांगली जोरात. त्याने डोळे मिटले.

"हात काढ," कादंबरी शेजारून म्हणाली. "बॉनेट उघडायचंय."

त्याने हात काढला आणि तिला जागा देण्यासाठी मागे सरकला.