अदितीचा बडग्या

पावसाळा लागला की आमच्या घरात पैजा लागतात. तिघांपैकी दवाखान्यात सगळ्यांत शेवटी कोण जाणार? पैजा मुलंच लावतात. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला आठवडाभर टीव्हीचा रिमोट द्यायचा. हे वाचून कोणाला वाईट वाटेल, मलाही आधी वाटलं होतं. पण मला काय वाटतं ते आमच्या घरात सहसा कोणी विचारत नाही आणि ते बरोबरच असावं.

अदिती बारा वर्षांची, तिला सिकल सेल, म्हणजे रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या आणि मधूनच हाडं ठणकतात. विक्रम नऊचा, त्याला दमा. हर्षित सात वर्षांचा आणि त्याला साखर, म्हणजे दिवसातून चार वेळा इन्सुलिन. अदितीचा आजार कोणाच्या घराण्यातून आला यावर आमच्याकडे आणि सूनबाईच्या माहेरी बरीच वर्षं धुसफूस होती. शेवटी डॉक्टरांनी दोघांच्याही रक्ताचे रिपोर्ट समोर ठेवले आणि सांगितलं की दोन्हीकडून आला. त्यामुळे कोणालाच जिंकता आलं नाही आणि भांडणातली मजाच गेली.

माझा मुलगा पुष्कर कळमेश्वरच्या कारखान्यात शिफ्टवर असतो. सून भैरवी बँकेत. मी कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालो, त्यामुळे दिवसभर मुलांजवळ मी. ती दोघं माझ्यावर विसंबून निर्धास्त जातात असं लिहावंसं वाटतं, पण भैरवी दर तासाला घरी फोन करते आणि तो मला नाही, अदितीला करते.

या वर्षी श्रावणात तापाची साथ आली. बुधवारी भागातल्या आमच्या गल्लीत एक घर सुटलं नाही. विक्रम पहिला पडला, दवाखान्यात नाकातोंडावर मास्क लावून मशीनची वाफ घेत बसला. त्याच्यामागून हर्षितला ताप चढला, साखर वर गेली आणि त्याला भरती करावं लागलं. दोघं घरी परतले तेव्हा अदिती अजून ठणठणीत होती.

"आता तूच राहिली," विक्रम म्हणाला. "पड लवकर. शेवटी तूच अशी माझी पैज आहे, रिमोट माझ्याकडे येईल."

"मारबत होऊ दे," अदिती म्हणाली. "तोवर मले टाइम नाही."

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, त्यात रोगराई घेऊन जा म्हणत मारबतीचे पुतळे नेऊन जाळतात. मागची दोन्ही वर्षं त्या दिवशी ती दवाखान्यात होती. दोन्ही वर्षं आधीचा पंधरवडा भैरवीने तिला घरात कोंडून ठेवलं होतं. गर्दी नको, गार वारा नको, धावपळ नको. तरी दुखणं यायचं तेव्हा आलंच. या वर्षी गल्लीतल्या पोरांनी अदितीला बडग्याची, म्हणजे जे नकोसं झालं त्याच्या पुतळ्याची, पुढारी केलं होतं आणि तिला तो इतवारीत नेहरू पुतळ्यापर्यंत न्यायचा होता, जिथे काळी आणि पिवळी मारबत हे दोन मोठे पुतळे भेटतात. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येणं तिला चालणार नव्हतं.

कोणाचा बडग्या करायचा यासाठी आमच्या बैठकीत सभा भरली. शेजारच्या गल्लीने रस्त्यातले खड्डे घेतले होते, पलीकडच्यांनी कांद्याचा भाव.

"कारल्याचा करा," हर्षित म्हणाला.

"पी.टी.च्या सरांचा," विक्रम म्हणाला. "मी पंप काढला की म्हणतात, नाटकं बंद कर."

"आपण सल्ल्याचा करू," अदिती म्हणाली.

"सल्ला दिसतो कसा?" मी विचारलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि मधुकरराव आत आले. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

मधुकरराव म्हणजे माझ्या बायकोचे भाऊ. बायको जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा रविवार चुकलेला नाही. जिल्हा परिषदेतून रिटायर झाल्यापासून ते पूर्णवेळ वैद्यकी करतात, फक्त शिकले तेवढे नाहीत. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढली.

"हा कारल्याचा रस, हर्षितसाठी. ही लसणाची माळ विक्रमच्या गळ्यात घाला, दमा पळते. आन् अदितीले बीट द्या. रक्त लाल झालं पाहिजे."

"लालच आहे, मामाआजोबा," अदिती म्हणाली. "फक्त आकार चुकला आहे."

"बीट खाल्ल्यानं आकार पण येते."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. सिकल सेलवर मी लायब्ररीतून आणून तीन पुस्तकं वाचली आहेत. पण वाचलेलं सगळं माझ्या तोंडापर्यंत येऊन परत जातं.

पोरं बडग्या करून राहिले हे कळल्यावर मधुकररावांना भारी आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ते आपला जुना बदामी सफारी घेऊन आले. "कपडा मजबूत आहे. पंधरा वर्षं वापरला." मुलांनी बांबूचा सांगाडा बांधला, तणस भरलं, सफारी चढवला. गळ्यात लसणाची माळ, नाकाच्या जागी बीट, बोटांच्या जागी कारली. छातीवर पाटी: 'मी सांगतो ते ऐका.' डोक्यावर पांढरी टोपी, ओठांवर बारीक कोरलेली मिशी. ती मिशी मधुकररावांची होती हे गल्लीतल्या कुत्र्यांनीही ओळखलं असतं.

मधुकरराव रोज संध्याकाळी येऊन उभे राहत. "तोंड मोठं झालं गा."

"नाही, मामाआजोबा," विक्रम म्हणाला. "तोंड बरोबर आहे."

"आन् पोट कमी करा. असा ढेरपोट्या माणूस कोण राहते?"

विक्रमला हसता हसता खोकला आला आणि पंप घ्यावा लागला. भैरवीने आतून डोकावून पाहिलं, बडग्याकडे, मग मधुकररावांकडे, आणि ओढणी तोंडाशी धरून परत स्वयंपाकघरात गेली. पण इतवारीचं नाव काढलं की ती हसत नव्हती. "गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे एक पाऊल नाही. साथ आहे, लाखभर लोक जमतात तिथे, कोण कोणाच्या अंगावर खोकलते माहीत नाही."

मारबतीच्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. अदिती आली आणि म्हणाली, "आबाजी, तुम्हाला चहा आणून देऊ का?"

ही मुलगी बरी असते तेव्हा माझ्या हातातला पेपर ओढून घेते आणि म्हणते, आबाजी, सरका. दुखायला लागलं की पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी वागते.

"कुठे दुखतंय?"

"कुठे काय?" मग थोडं थांबून, "गुडघ्यात. तीनच आहे." दुखणं आम्ही दहापैकी मोजतो. "आईला सांगू नका. तुम्हाला माझी शपथ आहे."

मी खोलीत गेलो. पुस्तकातलं, दुखणं सुरू झालं तर काय करावं ते पान पुन्हा वाचलं. पानावर काही नवीन लिहिलेलं नव्हतं. सांगितलं तर पोरीची याही वर्षीची मारबत गेली, नाही सांगितलं आणि काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवणार? शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"भैरवी, तिचा गुडघा दुखतोय. तीन म्हणते."

मागून अदिती ओरडली, "आबाजी, तुम्ही ना, एक नंबरचे चुगलखोर आहात!"

भैरवीने हात धुतले. थर्मामीटर लावलं, ताप नव्हता. बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं, ठीक होतं. गुडघा दाबून पाहिला, सूज नव्हती. मग ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. अदिती भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, पण आता रडेल असं वाटत होतं.

"दोन वर्षं तुले घरात बसवलं आन् मग दवाखान्यात नेलं," भैरवी म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर."

"या वर्षी मारबतीवरून दवाखान्यात नेऊ. जायचंच आहे तं जाऊन तरी येऊ."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. अदितीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने माझ्याकडे पाहिलं.

"चालायचं नाही," भैरवी म्हणाली. "ठेल्यावर बसायचं. पाणी पीत राहायचं. मी म्हणीन तेव्हा परत."

"मग मी पण!" विक्रम ओरडला.

"तू नाही. तिथल्या धुरात तुले नेलं तं डॉक्टर मलेच जाळतीन. तू बाबासोबत घरी, त्याची रात्रपाळी आहे. बडग्या घरामागच्या मैदानात जाळतीन तेव्हा गच्चीवरून दिसते."

"हिला दुखते म्हणून हिची मजा! मले का कमी दुखते?"

हर्षितने त्या दिवशी लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरत गल्लीभर तान्हा पोळा करायचं ठरवलं होतं आणि त्यात मिळालेल्या, त्याला न चालणाऱ्या गोड गोळ्या विक्रमला देऊन त्याच्याकडे येणारा रिमोट मिळवायचा त्याचा बेत होता. त्यामुळे तो भांडणात पडला नाही.

गल्लीतल्या भाजीवाल्या धोंडबाचा ठेला बडग्यासाठी आणलाच होता. त्यावर गादी टाकली, अदितीच्या गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधली, दोन बाटल्या पाणी ठेवलं. एका बाजूला बडग्या बसला, दुसऱ्या बाजूला ती. भैरवी ठेला ढकलायला, गल्लीतली पोरं दोन्ही बाजूंनी, पुढे मधुकरराव. मी मागे होतो. मी का गेलो मला माहीत नाही, गर्दीत माझा जीव गुदमरतो. पण चुगली केल्यावर घरी बसणं बरं दिसलं नसतं.

गल्ली सुटली तशी अदितीने आवाज लावला.

"लसणाच्या माळा..."

"घेऊन जा गे मारबत!" पोरं ओरडली.

"कारल्याचा रस..."

"घेऊन जा गे मारबत!"

"शाळेतल्या बाईंचं बिचारी, बिचारी..."

"घेऊन जा गे मारबत!"

"आईचे फोन दर तासाचे..."

यावर 'घेऊन जा' म्हणताना भैरवीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बँकेच्या काउंटरवर तिचा हा आवाज कोणी ऐकला असेल असं वाटत नाही.

इतवारीच्या तोंडाशी गर्दी दाटली. ढोलांनी छाती हादरत होती, वरच्या खिडक्यांतून लोक वाकले होते. पुतळा लांबून दिसायला लागला तेव्हा अदिती ओरडली, "गुडघ्यातले पाच..."

"घेऊन जा गे मारबत!" पोरं ओरडली. भैरवी मात्र ओरडली नाही. तिने ठेला थांबवला.

"पाच? सकाळी तीन होते."

"आई, पुतळा समोर आहे."

भैरवीने मागे पाहिलं. मागे माणसांची भिंत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की तिला माझं मत हवं आहे. मी म्हणालो, "मला काही सुचत नाही."

"मलेही नाही," ती म्हणाली. बाटली अदितीच्या हातात कोंबली. "पूर्ण पी. मामा! रस्ता करा!"

मधुकररावांना कोणी काही करायला सांगितल्याचा हा बऱ्याच वर्षांतला पहिला प्रसंग असावा. त्यांनी हात पसरले. "हटा, हटा! पेशंट आहे!"

एका ढोलवाल्याने ठेल्याकडे पाहिलं. "पेशंट कोणता? हा सफारीवाला? काका, तुमचा भाऊ आहे का?"

"माहा भाऊ? अबे, याचं पोट पाह्य..." मधुकरराव वळले. बडग्याकडे पाहिलं. मिशीकडे पाहिलं. मग छातीवरच्या पाटीकडे. अदितीने डोळे मिटून घेतले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मधुकररावांनी हात वर नेला आणि बडग्याची टोपी सरळ केली. "निदान टोपी तं नीट लावा," ते म्हणाले आणि पुन्हा पुढे जाऊन ओरडायला लागले, "हटा, पेशंट आहे!"

आम्ही पुतळ्यापाशी पोचलो तेव्हा दोन्ही मारबती समोरासमोर आल्या होत्या. काय आवाज झाला ते मला लिहिता येणार नाही. अदिती गादीवर गुडघ्यांवर उठली, एका हाताने बडग्याचा गळा धरला आणि ओरडत राहिली. शब्द काहीच कळत नव्हते. तिचं तोंड उघडं, शिरा ताठ, केस घामाने कपाळाला चिकटलेले. दुखत होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं आणि तिला त्याची पर्वा नाही हेही. भैरवी तिच्या कमरेला हात घालून उभी होती आणि तीही ओरडत होती.

मग अदिती खाली बसली आणि तिने आईचा हात दाबला. बडग्या पोरांच्या आणि मधुकररावांच्या ताब्यात देऊन आम्ही मागच्या बोळातून ऑटो धरला. बंद रस्त्यांत तो तासभर अडकला, तेव्हा विक्रमचा फोन आला, गच्चीवरून दिसतंय, तणस ओलं आहे, बडग्या पेटून नाही राहिला आणि मामाआजोबा सगळ्यांना सांगून राहिले कसा पेटवायचा.

वॉर्डात पोचेपर्यंत तिच्या गुडघ्यातल्या पाचाचे सात झाले होते. बोलून नाही, बोटं दाखवून सांगितलं. सलाइन लागलं, दुखण्याचं औषध सुरू झालं. डॉक्टर आमचे ओळखीचे, जरा तुसडे. त्यांनी टॉर्च घेऊन तिच्या घशात पाहिलं.

"घसा एवढा लाल? इन्फेक्शन आहे का?"

"नाही. ओरडून बसला आहे," भैरवी म्हणाली.

"कुठे ओरडली?"

"मारबतीत. नेहरू पुतळ्यापाशी."

डॉक्टरांनी टॉर्च बंद केला. "सकाळी दुखत होतं, तरी नेलंत? साथीत? त्या गर्दीत?"

"हो."

"कारण काय?"

भैरवीने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहत होतो.

"मजा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी केसपेपर ओढून घेतला. मला वाटलं आता फार ऐकून घ्यावं लागणार आणि ते योग्यच होणार. पुढचे चार दिवस ती इथेच राहणार हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, आणि आपण चुकलो की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

"पुढच्या वर्षी आधी फोन करा," डॉक्टर म्हणाले. "मी पलंग धरून ठेवतो."

अदितीने त्यांची बाही ओढली. आवाज फुटेना. ती घशाला हात लावून पुन्हा जोर करायला लागली, तेव्हा डॉक्टर खाली वाकले.

"खिडकीजवळचा," ती म्हणाली.