आप्पांचा मानाचा चेंडू

दिलावरचा चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबला होता, आणि त्याच्याच संघातले तिघं त्याच्याकडं पाठ करून बाभळीच्या झुडपाकडं निघाले होते.

"ओ त्रिंबकराव!" दिलावर ओरडला. "तिकडं कुठं? चेंडू हितं पडलाय!"

"तो तुझा हाय बे," त्रिंबक मागं न बघता म्हणाला. "आप्पांचा तिकडं हाय."

दिलावरच्या मस्तकात कळ गेली. युसूफ वडगावच्या माळावर हे दर रविवारी व्हायचं. पण आजचा रविवार साधा नव्हता.

हा गोल्फचा किडा गावात आणला विजयसिंहनं. हा आप्पारावांचा पुतण्या, पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. चुलत्याचा चाळीस एकर मुरमाड माळ, ज्यावर कुसळाशिवाय काही उगवत नाही, तिथं त्यानं सहा खड्डे खांदले. झेंडे लावले जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे. गवताची हिरवळ आणायची कुठून? मग प्रत्येक खड्ड्याभोवती वाळू अंथरून त्यावर जळकं ऑइल शिंपडलं, म्हणजे वाळू दबून बसते आणि चेंडू सरळ घरंगळतो. त्या काळ्या गोलाला गावानं नाव दिलं तवा. जळकं ऑइल यायचं दिलावरच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून, आणि ते शिंपडायचाही दिलावरच.

सगळ्या गावात हा खेळ खरा येत होता एकट्या दिलावरला. तरुणपणी अकरा वर्षं पुण्याच्या एका क्लबात त्यानं साहेब लोकांच्या बॅगा वाहिल्या होत्या. बॅगवाल्यांना मागच्या फाटकातून आत घ्यायचे, कचऱ्याच्या गाडीबरोबर. साहेबांचे चेंडू उचलता उचलता, कुणी बघत नसताना, दिलावर टोले मारायला शिकला. अकरा वर्षांत मोठ्या फाटकातून तो एकदाही आत गेला नाही.

आणि आता विजयसिंहच्या कंपनीनं त्याच क्लबात खेड्यापाड्यांतल्या संघांची स्पर्धा ठेवली होती. बीड जिल्ह्यातून एकच संघ, चौघांचा. आज युसूफ वडगाव आणि घाटनांदूर यांच्यात जो जिंकेल तो जाणार. दिलावरनं चार दिवस आधीच पांढरी पँट इस्त्री करून बायकोला बजावलं होतं, "बीबीजान, हिला हात लावू नको. ही मोठ्या गेटाची हाय."

खेळायची पद्धत होती 'चौघात एक'. चौघंही टोला मारतात, मग ज्याचा चेंडू सगळ्यात चांगल्या जागी पडला तो धरायचा, बाकीचे तीन उचलायचे, आणि चौघांनी तिथूनच पुढचा टोला हाणायचा. पद्धत लई गुणाची. चार कच्चे मिळून एक पक्का तयार होतो, कारण चौघांपैकी एकाचा तरी नेम लागतोच. हसत-खेळत काम होतं, कुणाची अब्रू जात नाही.

पण युसूफ वडगावात सगळ्यात चांगला चेंडू कुणाचा, हे डोळ्यांनी बघून ठरत नव्हतं. पोळ्याला वेशीतून पहिला बैल आप्पारावांचा. जत्रेत पहिला नारळ आप्पारावांचा. ग्रामपंचायतीत हात्याची खुर्ची आप्पारावांची, ते गावाला गेले तरी तीवर कुणी बसत नाही. मग चेंडू तेवढा दुसऱ्याचा कसा धरायचा? त्रिंबक हा आप्पांचा ऊसतोडीचा जुना मुकादम, तो प्रत्येक टोल्याला आधीच पुकारायचा, "आप्पांचा मानाचा!" विजयसिंहला नियम तोंडपाठ, पण चुलत्यासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि आप्पांना आपला चेंडू खरंच चांगला पडतो असं वाटत होतं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना कशाबद्दलच वेगळं सांगितलं नव्हतं.

तर पहिल्या खड्ड्याला चौघं बाभळीत घुसले. त्रिंबकच्या सदऱ्याची बाही फाटली, विजयसिंहच्या कानाला काटा लागला. पाच टोले गेले. घाटनांदूरनं तीनात उरकलं.

दुसऱ्या खड्ड्याला आप्पांचा चेंडू बांध ओलांडून हरभऱ्यात गेला.

"हद्दीच्या बाहेर!" दिलावर म्हणाला.

"हद्द कशाची?" त्रिंबक म्हणाला. "बांध आप्पांचा, हरभरा आप्पांचा. आप्पा आपल्याच रानात हद्दीबाहेर जातेत व्हय बे?"

दुसराही गेला.

तिसऱ्याला तर आप्पांनी अशी काठी फिरवली की चेंडू नुसता दचकला आणि वीतभर पुढं सरकला. दिलावरचा दीडशे पावलांवर. त्रिंबक वाकला, जमीन न्याहाळली आणि म्हणाला, "जागा मात्र सपाट हाय."

दिलावरनं स्टिक खाली आपटली. "सपाट? आरं, आपुन निघालोच न्हाई अजून!"

घाटनांदूरवाल्यांचे चारही चेंडू ओढ्यात गेले म्हणून तेवढा खड्डा बरोबरीत सुटला. आता राहिले तीन, आणि घाटनांदूर दोननं पुढं.

घाटनांदूरच्या कप्तान होत्या वनमालाबाई. शाळेत चौतीस वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात अजून शिट्टी. त्यांच्या संघात केसरबाई होत्या, साठीच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून खेळणाऱ्या. बाभळीखाली सगळे पाणी प्यायला थांबले तेव्हा दिलावर बाईंजवळ गेला.

"बाई, असं जिंकायला तुमाला बरं वाटतंय?"

"अजिबात न्हाई," बाई फटकन म्हणाल्या. "पायात दोरी बांधून पळणाऱ्यासंगं शर्यत लावल्यावाणी झालंय. पर तुमचा चेंडू तुमी निवडता. मी काय करू?"

"मग निवडायचंच न्हाई. उरलेले तीन खड्डे ज्यानं त्यानं आपापला चेंडू शेवटपर्यंत खेळायचा. चौघांत ज्याचे टोले कमी, तो संघाचा आकडा. कुणाला इचारायचं काम न्हाई."

"आन् केसरबाईचं काय?" बाईंनी आवाज चढवला. "दुसऱ्या खड्ड्याला हिचा चेंडू लागला, आमी धरला. बघ तिच्याकडं, अजून हसतीय. तुझ्या पद्धतीत एक पक्का गडी खेळणार आन् बाकीचे तिघं वरातीत चालल्यावाणी नुसते मागं मागं."

दिलावरनं बघितलं. केसरबाई खरंच हसत होत्या, आणि हरभऱ्याचे घाटे सोलून खात होत्या. त्याला क्षणभर वाईट वाटलं. पण नुसतं क्षणभरच.

"बाई, तुमच्याकडं केसरबाईचा चेंडू चांगला पडला म्हणून धरला. आमच्याकडं माझा चांगला पडला तरी तो मातीत. मी काय ऑइल शिंपडायलाच जन्मलो का?"

बाईंनी शिट्टी बोटात फिरवली. "बरं. पर झालेले तीन तसेच धरायचे. आन् शेवटी बरोबरी झाली तर पुण्याला आमी जाणार. नियम तुमी मोडताय."

"मंजूर."

"आधी तुझ्या आप्पाला इचार," बाई म्हणाल्या.

ही खरी मेख होती. 'आप्पा, तुमचा चेंडू वाईट पडतो' हे वाक्य वडगावात अजून कुणी उच्चारलेलं नव्हतं. दिलावरनं दहा पावलं जाईपर्यंत विचार केला. डोकं संतापानं तापलेलं होतं, पण ट्रॅक्टरचा जाम झालेला बोल्ट हातोडीनं ठोकला तर तुटतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याला आधी तेल लागतं.

"आप्पा, एक इचारू का? ग्रामपंचायतीतल्या तुमच्या खुर्चीवर त्रिंबकराव कधी बसलेत का?"

"त्याची काय बिशाद!" आप्पा म्हणाले.

"तोबा तोबा!" त्रिंबकनं कान धरले.

"मग हितं कसं काय चालतंय?" दिलावर दुःखी चेहरा करून म्हणाला. "तुमचा चेंडू जिथं बसतो, त्याच जागेवर हे पाय रोवतेत, कंबर हलवतेत, तिथलीच माती उडवतेत. मी तर मिस्तरी माणूस, माझे बूट ऑइलचे. तुमच्या जागेवर उभं राहताना मला लई शरम वाटती, आप्पा. यांना कावून वाटत न्हाई, कळत न्हाई."

विजयसिंह खोकल्याचं निमित्त करून दुसरीकडं वळला.

आप्पांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "त्रिंबक! तू माझ्या जागेवर उभा राहतूस?"

"आप्पा, खेळच तसा हाय..."

"आजपासून न्हाई! माझ्या जागेवरून मीच मारणार. ज्यानं त्यानं आपापल्या लायकीच्या जागेवरून मारायचं!"

वनमालाबाईंनी तोंडावर पदर धरून शिट्टी वाजवली, त्यामुळं ती जरा फसफसली.

मग दिलावर खेळला. चौथा खड्डा तीन टोल्यांत घेतला. पाचव्याला तव्याच्या पार कडेवरून त्यानं चेंडू सोडला, तो वळसा घेत घेत खड्ड्यात पडला, आणि घाटनांदूरच्या केसरबाईंनीच पहिली टाळी वाजवली. आप्पा एकीकडं आपल्या मानाचा चेंडू घेऊन माळभर फिरत होते, त्रिंबक पाणी घेऊन त्यांच्या मागं. कुणाचं काही अडत नव्हतं. दोन-दोन बरोबरी झाली.

सहाव्याला वनमालाबाईंनी चार टोल्यांत काम फत्ते केलं. दिलावर दोनातच तव्यावर पोचला होता. खड्डा राहिला होता पाच-सहा पावलं, जागा सपाट. हा टोला पडला की पुणं. चुकला की बरोबरी, म्हणजे घाटनांदूर.

आणि नेमका त्या रेषेवर, खड्ड्याच्या अलीकडं वीतभर, आप्पांचा चेंडू येऊन बसला होता. नवव्या टोल्याला.

"आप्पा," दिलावर म्हणाला, "चेंडू मधी येतोय. तेवढा उचला."



"आप्पांचा चेंडू उचलायचा?" त्रिंबक म्हणाला. "तू बाजूनं मार की बे!"

"नियम हाय. आड आलेला चेंडू उचलायचा, खूण ठेवायची. बाई, हाय का न्हाई?"

"हाय," बाई म्हणाल्या.

आप्पांनी स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं, मग दिलावरकडं. "मग तूच उचल की. तुला सवय हाय."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. सहज म्हणाले, आणि तेच दिलावरला भोसकून गेलं. आतापर्यंत त्यानं तेल घातलं होतं. आता हातोडी.

"सवय हाय, आप्पा! अकरा वर्षं दुसऱ्याचे चेंडू उचलले. चिखलातून, पाण्यातून, सापाच्या बिळातून. हितं आल्यावर तुमच्या तव्याला ऑइल मी घातलं. सकाळपासून तीन येळा माझा चेंडू झेंड्याकडं आन् आमचा संघ काट्यात! तुमाला एकानंबी सांगितलं न्हाई, कारण सगळ्यांची बोबडी वळलेली. मी सांगतो. तुमचा चेंडू कधीच चांगला पडला न्हाई. एकदाबी न्हाई! आज मी खेळायला आलोय. ज्याचा चेंडू, त्यानं उचलायचा. न्हाईतर मी हितंच स्टिक ठेवतो, घाटनांदूरला जाऊ द्या पुण्याला!"

त्रिंबक पुढं झेपावला. "तोंड सांभाळ बे!"

"थांब," आप्पा म्हणाले.

ते तव्यावर आले. वाकायला गेले, गुडघा वाकेना. दुसऱ्या अंगानं प्रयत्न केला, तोही फसला. विजयसिंह मदतीला सरकला तेव्हा त्यांनी हातानं त्याला मागं सारलं. मग पांढऱ्याशुभ्र पँटीसकट आप्पाराव त्या काळ्या ऑइलच्या वाळूत बसले, बुड टेकवून, मांडी घालून. खिशातून नाणं काढलं, चेंडूच्या जागी ठेवलं, चेंडू मुठीत घेतला आणि घसरत घसरत हातभर बाजूला झाले.

"मार आता," ते म्हणाले. "चुकलास तर बघ."

दिलावर अजून रागातच होता. त्यानं श्वास सोडला आणि हलकेच टोला दिला. चेंडू नाण्याला जेमतेम चाटून गेला, खड्ड्याच्या काठावर अडखळला, आणि पडला.

केसरबाईंनी पहिली आरोळी ठोकली. वनमालाबाईंनी दिलावरच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढं गेला. त्रिंबक मात्र आप्पांकडं धावला. "आप्पा, उठा, समदं काळं झालं!"

"राहू दे," आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "इजय, पुण्यात कुठल्या पद्धतीनं खेळतेत?"

विजयसिंहनं मान खाली घातली. "चौघात एक, काका."

दिलावरनं स्टिक खांद्यावर टाकली आणि तव्यावर तसाच उभा राहिला.

"मग आत्ताच ठरवा," तो म्हणाला. "कुणाचा चेंडू धरायचा ते तिथं कोण सांगणार?"

त्रिंबकनं तोंड उघडलं. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं, तसं ते मिटलं.

"दिलावर सांगंल," आप्पा म्हणाले.

"आन् तुमचा काट्यात पडला तर?"

"तर काट्यात राहील, भाड्या! किती येळा वदवून घेतूस?" आप्पा खेकसले, आणि वर आलेला हात त्यांनी दिलावरकडं केला. "धर आता. बुडाखाली लई चटका बसतोय."

दिलावरनं आधी वनमालाबाईंकडं बघितलं. "बाई, ऐकलं नव्हं तुमी? साक्षीदार हाव ना?"

"ऐकलं बाबा, ऐकलं," बाई म्हणाल्या.

मग त्यानं हात धरला.