ग्रेस टीचर

भंडाऱ्यात गुंजनला कोणी ग्रेस म्हणत नव्हतं. ते नाव कंपनीनं दिलं होतं. इंग्रजीत एम.ए., बी.एड. करून तिनं जिल्ह्यातल्या शाळांचे उंबरे झिजवले, आणि शेवटी लॅपटॉपवरून व्हिएतनामच्या लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं काम धरलं. मागे पांढरी भिंत हवी, घरातला आवाज यायला नको, आणि कोणी विचारलंच तर 'मी इंग्लंडला राहते' म्हणायचं, एवढ्याच अटी.

आवाज तर घरात होताच. पलीकडच्या खोलीत तिचे वडील सेवकराम हातमागावर कोसा रेशमाच्या साड्या विणत. धोट्याची खटखट भिंतीतून येई. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुहा क्लास असला का मी माग बंद ठेवतो. तू शिकव."

साड्या वेळेत उतरेनात. व्यापाऱ्यानं सूत देणं थांबवलं. मग एक दिवस सेवकरामांनी मागच विकून टाकला.

"आज्याच्या हातचा माग इकला तुमी," गुंजनची आई कुसुमताई रडत म्हणाली.

"पोरीच्या आवाजावर घर चालून राहिलं ना," ते म्हणाले. "मंग खटखट कायले पाह्यजे?"

गुंजनच्या वर्गात आन नावाची आठ वर्षांची मुलगी होती. शब्द चुकला की दोन्ही हातांनी तोंड झाकायची. एकदा तिनं विचारलं, "टीचर, तुमच्या गावात काय आहे?"

खोटं सांगायला गुंजननं तोंड उघडलं, पण इंग्लंडचं गाव काही डोळ्यांसमोर येईना. "मोठी नदी आहे," ती म्हणाली. "पलीकडे धानाची शेतं. आता कापणी चालू आहे."

आन ओरडलीच. धावत जाऊन आजीला हाताला धरून घेऊन आली. आजीनं ओंजळभर धान कॅमेऱ्यासमोर धरलं. गुंजननंही दारावर चिमण्यांसाठी टांगलेली लोंबी काढून आणली. आजी काहीतरी बोलली. आन हसत म्हणाली, "आजी म्हणते, तुमचा दाणा बारीक आहे." तिघीही हसत राहिल्या. त्या कामात गुंजन इतकी मोकळी कधीच हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. आनच्या आईनं तक्रार केली होती, इंग्लंडात कुठं धान पिकतं, इंग्लंडची शिक्षिका म्हणून आम्हाला फसवलं. "मॅडम, तुम्हाला गप्प बसता आलं नाही का?" फोनवरच्या मुलीनं विचारलं. त्या दुपारी तिचं लॉगिन उघडलंच नाही. आनचा निरोपही घेता आला नाही.

घरी सांगायचा धीर तिला झाला नाही. ती दुपारी दार लोटून लॅपटॉपसमोर बसे आणि काळ्या पडद्याशी बोले. "व्हेरी गुड, आन. पुन्हा म्हण." बाहेर ओट्यावर सेवकराम राखण करत. भाजीवाला हाळी देत आला की ओठांवर बोट ठेवून त्याला पुढे धाडत. गुंजननं दुसऱ्या कंपन्यांना विचारून पाहिलं. कोणाला गोरा चेहरा हवा होता, कोणाकडे आता मशीनच शिकवत होतं.

एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, गल्लीत सामसूम झाली. गुंजन आपल्या नादात बोलतच होती. सेवकराम काळजीनं आत आले. "करंट गेला वो माय. लेकरं दिसून राहिले का?"

त्या दिवशी लॅपटॉप उघडलेलाही नव्हता.

त्यांनी वाकून त्याच्यावर हात ठेवला. "कधीपासून?"

"दिवाळीपासून, बाबा."

सेवकराम खाली फरशीवर बसले. ती रागाची वाट बघत होती. ते हळूच म्हणाले, "आन बरी आहे ना?"

"माहीत नाही, बाबा," गुंजन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आता सेवकराम बाजारातल्या एका दुकानात गिऱ्हाइकांना मिलच्या साड्या उलगडून दाखवतात. परवा शेजारच्या कुंताबाईनं विचारलं, "गुंजन, माह्या नातीले इंग्रजी शिकवशील का वो?" शिकवावं असं तिला वाटलंही. पण ओठांवर पहिले शब्द आले ते 'व्हेरी गुड, आन'.

"मंग सांगतो, काकू," ती म्हणाली आणि आत गेली.